तात्यासाहेबांचे श्रोते

“...आणि म्हणूनच मला वाटतं,” तात्यासाहेब मोहळकर माईकला म्हणाले, “जपानी माणूस छत्री मिटून ठेवतो आणि आपला माणूस छत्री विसरून येतो. यातच सगळं आलं!”

यात काय आलं ते मला कळलं नाही. काचेच्या अलीकडे माझ्याशेजारी बसलेल्या शमीमलाही कळलं नसावं. तिनं हेडफोन गळ्यात अडकवला होता आणि ती निवांत वाटाणे सोलत होती. तात्यासाहेब पाणी प्यायले आणि छत्रीवरून जपानी बुटांकडे वळले.

“सर, बूट म्हणजे अजून वीस मिनिटं,” शमीम म्हणाली. “चहा टाकू का?”

“टाक.”

‘गावानं गावासाठी चालवलेलं रेडिओ केंद्र’ असं कासारझरीच्या आमच्या केंद्राच्या दारावर रंगवलं होतं. प्रत्यक्षात ते तात्यासाहेबांच्या शिक्षण संस्थेचं होतं. खोली संस्थेची, वीज संस्थेची, माझा आणि शमीमचा पगार संस्थेचा. तात्यासाहेब संस्थेचे अध्यक्ष, त्यामुळे संध्याकाळी सहाची मोक्याची वेळ तात्यासाहेबांची. कार्यक्रमाचं नाव ‘मला वाटतं’. अर्धा तास म्हणून सुरू व्हायचा आणि तात्यासाहेबांना काही वाटेनासं झालं की संपायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच पुन्हा लागायचा. हेही त्यांना वाटलं म्हणून.

मी केंद्रप्रमुख होतो. केंद्रप्रमुखाचं काम म्हणजे पंखा बंद पडला की ट्रान्समीटरला पुठ्ठ्यानं वारा घालणं आणि अँटेनाच्या खांबावरून माकडं हाकलणं. आमचा आवाज खंडोबाच्या टेकडीपर्यंत जायचा आणि तिथे दमून बसायचा. बातम्या द्यायला आम्हाला परवानगी नव्हती, फक्त माहिती द्यायची. एसटी बंद पडली ही बातमी की माहिती, यावर माझा आणि शमीमचा वाद व्हायचा. तो मिटेपर्यंत माणसं चालत घरी पोचलेली असायची.

हे सगळं मी सहन करत होतो. पण ट्रान्समीटर मरायला टेकला. दुरुस्तीला आलेल्या माणसानं त्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि न बोलता परत लावलं. डॉक्टर चादर ओढतात तसं.

नवा ट्रान्समीटर फुकट मिळण्याची एकच आशा होती. पुण्याची एक संस्था खेड्यातल्या रेडिओ केंद्रांना तो द्यायची. त्या संस्थेच्या अनुजा राजाध्यक्ष पाहणीला येऊन गेल्या होत्या. हातमागाची साडी, पायात ट्रेकिंगचे बूट.

“सहाला कोण बोलतं?” त्यांनी विचारलं.

“अध्यक्ष.”

“आणि गावातला समुदाय कधी बोलतो?”

“दुपारी.”

“दुपारी तर तुमच्याकडे वीज नसते ना?”

“हो. म्हणूनच दुपारी.”

राजाध्यक्षबाई हसल्या नाहीत. “सहाची वेळ गावातल्या महिलांना द्या. मी परत येईन. तेव्हा सहाला मला महिला ऐकू आल्या, तर ट्रान्समीटर तुमचा.”

झालं. तात्यासाहेब बोलत राहिले तर ट्रान्समीटर नाही, आणि तात्यासाहेब रागावले तर खोलीच नाही. मी आडून सुचवून पाहिलं.

“तात्यासाहेब, बायकांनाही संध्याकाळी थोडी वेळ द्यावी असं...”

“वा, सबनीस! दिलीच पाहिजे!” ते म्हणाले. “या विषयावर मी उद्याच बोलतो.”

ते सलग तीन दिवस बोलले.

मग तात्यासाहेबांचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला ते मुलीकडे पुण्याला निघाले. मी गाडीपर्यंत पोचवायला गेलो.

“बोलायलाही मनाई आहे का काही दिवस?”

“ऑपरेशन डोळ्याचं आहे, सबनीस.”

“नाही, आपलं विचारलं.”

“मी नसताना माझे जुने कार्यक्रम लावत जा. जपानचे लावा. लोकांना माझ्याविना करमायचं नाही.”

गाडी वळणाआड गेली आणि शमीमनं टाळी वाजवली. त्याच संध्याकाळी सहाला ‘आमची संध्याकाळ’ हा कार्यक्रम सुरू झाला. आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या, त्यांनी बाळंतिणीच्या आहारावर सासूंना जे सुनावलं ते मी जन्मात विसरणार नाही. लोणची करणारी एक बाई आली. एक आजीबाई आल्या आणि आख्खा वेळ आपल्या सख्ख्या जावेबद्दल बोलल्या. जाऊबाई दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायला आल्या. आपलं केंद्र मी पहिल्यांदाच कपाळाला हात न लावता ऐकत होतो. राजाध्यक्षबाईंना फोन केला, “केव्हाही या.”

ज्या दिवशी संध्याकाळी बाई येणार होत्या, त्याच दिवशी दुपारी आवारात गलका झाला. बाहेर येऊन बघतो तर पंधरा-वीस बायका, प्रत्येकीच्या हातात दुधाची रिकामी किटली. पुढे भामाबाई लवटे. भामाबाई गावच्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन. त्यांच्यापुढे डेअरीचा सेक्रेटरीसुद्धा उभ्यानं बोलायचा.

“या, या भामाबाई! कार्यक्रमात भाग घ्यायला आलात?”

“कार्यक्रम जळू द्या तुमचा,” भामाबाई म्हणाल्या. “तात्यासाहेब कुठं हायेत?”

“पुण्याला. डोळ्याच्या ऑपरेशनला.”

“मग त्यांचं जुनं लावा. आजच्या आज.”

मला आनंद व्हावा की धक्का बसावा, कळेना. तात्यासाहेबांसाठी मोर्चा! “तुम्ही ऐकता त्यांचा कार्यक्रम?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून कुणीतरी फसकन हसलं.

“आमी कशाला ऐकतोय, सर?” भामाबाई म्हणाल्या. “आमच्या म्हशी ऐकत्यात.”

मी शमीमकडे बघितलं. शमीमनं छताकडे बघितलं.

“केंद्र सुरू झालं तवा तात्यासाहेबांनी घरटी एकेक रेडिओ वाटला का न्हाय? आता घरात टीव्ही. मग रेडिओ कुठं टांगायचा? गोठ्यात. सांजच्याला सहाला धार काढायची येळ, पहाटं दुसऱ्या धारंची येळ. दोन्ही वक्ताला तात्यासाहेब चालू. आता म्हशींना सवय लागली. त्यांचा आवाज आला की म्हैस पान्हा सोडती. न्हाय आला तर चोरती.”

“आमची तर लाथ मारती,” मागून एकजण म्हणाली. “त्या जावाजावांच्या भांडणाला अशी बिथरली, किटली पार हौदात!”

“पण मग दुसरं काहीतरी... गाणी?”

“गानं मधीच थांबतं, म्हैस बी थांबती. काल आमच्या ह्यांनी तात्यासाहेबांसारखं बोलून बघितलं. म्हशीनं मागं वळून बघितलं त्यांच्याकडं!”

सगळ्या हसल्या. भामाबाई हसल्या नाहीत. “हसताय काय गं? निम्मं दूध गेलं. लेकरांच्या पोटाला काय घालायचं, डेअरीला काय घालायचं? सर, लावा.”

“उद्यापासून लावतो, भामाबाई. आजची एक संध्याकाळ थांबा. पुण्याच्या बाई येणार आहेत. आज सहाला बायका बोलल्या नाहीत तर ट्रान्समीटर हातचा गेला. आणि ट्रान्समीटर गेला तर तात्यासाहेबही नाहीत आणि म्हशीही नाहीत.”

“आमाला कळतंय, सर. म्हशीला कसं सांगायचं?”

याचं उत्तर शोधत असतानाच, ठरल्या वेळेच्या बरीच आधी, फाटकातून जीप आली. राजाध्यक्षबाई उतरल्या, किटल्या घेतलेल्या बायका बघितल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अरे वा! इतका उत्स्फूर्त सहभाग!” त्या थेट भामाबाईंपाशी गेल्या. “ताई, रेडिओवरचा तुमचा सगळ्यात आवडता कार्यक्रम कोणता?”

मी भामाबाईंना डोळ्यांनी, भुवयांनी, दोन्ही हातांनी विनवलं.

“तात्यासाहेबांचा,” भामाबाई म्हणाल्या.

“तात्यासाहेबांचाच!” मागून सगळ्या म्हणाल्या.

माझ्या पाठीमागे कुणीतरी हुंदका गिळल्यासारखा आवाज आला. फाटकात तात्यासाहेब उभे होते. डोळ्यांवर तो हिरवा-काळा मोठा चष्मा, हातात पिशवी. पुण्याहून दोन दिवस आधीच परत आले होते. कारण नंतर कळलं. मुलगी, जावई, नातू, सगळे दिवसभर कानात मोबाइलची बोंडं घालून बसायचे आणि तात्यासाहेबांना काही वाटलं तर ते सांगायला तिथे भिंत उरायची.

“सबनीस,” ते म्हणाले, “मला पुण्यात राहवेना. आणि इथे येऊन बघतो तर...” त्यांना बोलवेना. हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

राजाध्यक्षबाईंच्या कपाळावर आठी आली. ‘समुदाय’ असा वागेल असं त्यांना कुणी सांगितलं नसावं. “या कार्यक्रमात नेमकं काय आवडतं तुम्हाला?”

बायकांनी किटल्यांची झाकणं चाचपली.

“सांगा की, भामाबाई,” तात्यासाहेब पुढे झाले. “लाजू नका. पुण्याला जाण्याआधी मी जपानी छत्रीबद्दल बोललो, ते कसं वाटलं?”

“छत्रीबद्दल?” भामाबाई म्हणाल्या.

“मग त्याच्या आधीचं, बुलेट ट्रेनचं?”

भामाबाईंनी किटली या हातातून त्या हातात घेतली. त्यांना खोटं बोलायचा कंटाळा होता हे आख्ख्या गावाला माहीत होतं. मी मनातल्या मनात खोली रिकामी करायला सुरुवात केली.

“तात्यासाहेब,” त्या म्हणाल्या, “रागावू नका. आमाला कामापुढं ऐकायला वेळ न्हाय. पर आमच्या म्हशींना तुमचं लई पटतं.”



तात्यासाहेब ओट्यावर बसले. चष्म्यामुळे चेहरा वाचता येईना. त्यांनी विचारलं, “नेमकं काय पटतं?”

“तुमी सुरवातीला घसा खाकरता न्हवं, तवाच कास तटतटती,” भामाबाई समजावून सांगायला लागल्या. “आन् मग तुमचं ते एका सुरातलं. कुठं वर न्हाय, खाली न्हाय. दचकण्यासारखं कायबी नसतं बघा तुमच्या बोलण्यात. जनावराला तेच पायजे.”

शमीम तोंडात ओढणी कोंबून स्टुडिओत पळाली.

“पण सहाची वेळ महिलांचीच असायला हवी,” राजाध्यक्षबाई म्हणाल्या. “तशी अटच आहे.”

“आन् आवाज तात्यासाहेबांचाच पायजे,” भामाबाई म्हणाल्या.

“मग आत दोन खुर्च्या आहेत की!” खिडकीतून शमीम ओरडली. “बायका बोलतील. तात्यासाहेब खाकरतील आणि मधे मधे ‘हं’ म्हणतील.”

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तात्यासाहेब उभे राहिलेले होते.

“नुसतं हं?”

“हं म्हना, बरं म्हना, मग म्हना,” भामाबाई म्हणाल्या. “जरा लांबवून म्हना.”

“बाई, मी दोनदा जपानला जाऊन आलेला माणूस आहे!”

“व्हय की. म्हशींना ठावं हाय ते.”

आता संपलं, असं मी धरून चाललो. तात्यासाहेब मात्र माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, “सबनीस, माणसं ऐकत नाहीत हे मला माहीत होतं. वाटायचं, कुणीच ऐकत नसेल. निदान म्हशी तरी ऐकतात.” आणि पिशवी माझ्या हातात देऊन ते आत गेले.

त्या संध्याकाळी सहाला भामाबाई बोलल्या. डेअरीतल्या वजनकाट्यावर, सेक्रेटरीवर, सेक्रेटरीच्या मेव्हण्यावर. तात्यासाहेब खाकरले आणि “हंऽऽ” म्हणाले. गावातून निरोप आला, दूध उतरलं. राजाध्यक्षबाईंनी आपल्या कागदावर श्रोत्यांच्या प्रकारापुढे महिला, युवक, शेतकरी या चौकटी बघितल्या आणि शेवटी ‘इतर’ला खूण केली. नवा ट्रान्समीटर दिवाळीआधी आला.

आता माझे हाल संपले असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तात्यासाहेबांना ‘हं’ जमेना. एखादी बाई सांगायला लागायची, “आमच्या पोरीला शाळेत...” की ते मधेच, “जपानमध्ये शाळेतली मुलं...” मग ती बाई, माईक चालू असताना, “थांबा वो तात्यासाहेब, मला बोलू द्या!” हे ऐकायला म्हणून गावातली माणसं पारावर रेडिओ घेऊन बसायला लागली. संस्थेच्या अध्यक्षांना रोज कुणीतरी गप्प करतंय, ही करमणूक आम्ही कधी मनात आणली नव्हती. तात्यासाहेब बाहेर येऊन माझ्यावर चिडायचे, बायका तात्यासाहेबांवर चिडायच्या, मी शमीमवर चिडायचो. शमीम वाटाणे सोलायची.

आणि एक दिवस यमुनाबाई कोकरे आल्या. खंडोबाच्या टेकडीखाली त्यांचं एकटं घर. बाई कुणाशी फार बोलायच्या नाहीत. भामाबाईंनीच त्यांना दंडाला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. सहा वाजले. तात्यासाहेब खाकरले. यमुनाबाई माईककडे बघत बसल्या.

“बोला, यमुनाबाई,” तात्यासाहेब म्हणाले.

“मला बोलायची सवय न्हाय.”

“घरी कोण कोण असतं?”

“म्हैस.”

“हं. आणि?”

“आन् तुमी.”

तात्यासाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले.

“मालक गेलं, पोरगं सुरतंला हाय,” यमुनाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. “दिवस मावळला की घर खायला उठतं. मग तुमी सुरू होता. धार काढून मी रेडिओ सैपाकघरात आणती. चूल पेटवती, भाकरी थापती, तुमी आपलं बोलत असता. काय बोलता ते ध्यानात न्हाय ऱ्हात. पर घरात कुनीतरी बोलतंय असं वाटतं. मधी तुमी नव्हता, तवा मी धड जेवली न्हाय.”

आता इथे ‘हं’ यायला हवं होतं. आलं नाही.

रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. माणसाला वाटतं केंद्र बंद पडलं, आणि तो रेडिओचा कान पिळतो. मी काचेवर टकटक केलं. तात्यासाहेबांनी बघितलं नाही. ऑपरेशन केलेल्या डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. त्यांनी ते पाळलं नाही.

फोन वाजला. शमीमनं उचलला, ऐकला, ठेवला. लगेच परत वाजला.

“सर, लवट्यांच्या वाडीवरून. म्हशी थांबल्यात म्हणे. तात्यासाहेबांना काहीतरी बोलायला सांगा.”

आत तात्यासाहेबांनी खुर्ची माईकपासून थोडी मागे घेतली आणि यमुनाबाईंकडे वळवली. मग हळू, माईकला जेमतेम ऐकू जाईल असं विचारलं, “भाकरीबरोबर काय करता?”

“कवा पिठलं. कवा नुसतं तिखट.”

“पोरगा फोन करतो?”

“करतो की. सणाला.”

“काय बोलतो?”

आणि यमुनाबाई बोलायला लागल्या. सुरतेची गिरणी, सुनेनं पाठवलेली साडी, मालकांना विंचू चावला ती रात्र, म्हैस घेतली तो बाजार. तात्यासाहेब हनुवटी मुठीवर टेकवून बसले होते. खाकरत नव्हते. ‘हं’ही म्हणत नव्हते. साडेसहा वाजले, पावणेसात झाले. फोन वाजतच होता.

“घेऊ का, सर?” शमीमनं विचारलं.

“राहू दे वाजत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर आम्ही सगळ्यांनी कोरा चहा प्यायला. कुणी तक्रार केली नाही.